फुकट होता, चांगलाही होता. मग एक्सडिफायंट टिकला का नाही?

पाथर्डीफाटा

३ जून २०२५ ला एक्सडिफायंट या ऑनलाइन शूटरचे, म्हणजे बंदुकांच्या गेमचे, सर्व्हर बंद झाले. आला होता २१ मे २०२४ ला. त्यातही डिसेंबर २०२४ मध्येच तो काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीनं गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं होतं, म्हणजे शेवटचे सहा महिने नुसती तारीख गाठायची होती.

धागा श्रद्धांजलीचा नाही. मला एक कोडं सुटत नाहीये. गेम फुकट. बंदुका हातात छान बसायच्या. सहा विरुद्ध सहा, आटोपशीर नकाशे, जेवणानंतर दोन-तीन सामने सहज व्हायचे. कार्यकारी निर्माता मार्क रुबिन, म्हणजे कॉल ऑफ ड्यूटी या गाजलेल्या शूटर मालिकेच्या जुन्या जमान्यात मुरलेला माणूस. आमचा नाशिकच्या सिडकोतला ग्रुप सुरुवातीला रोज रात्री जमायचा. मग एकेक जण गळाला. कुणी भांडलं नाही, कुणी वैतागून अनइन्स्टॉल केला नाही. 'आज नको, उद्या बघू' करत करत सगळे परत व्हॅलोरंट या जुन्या शूटरला जाऊन बसले.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे झोडपायला सोपं जाईल. वाईट असल्यामुळे मेलेले शूटर थोडेच. नव्या माणसाचा पहिला तास ज्याला सांभाळता आला नाही, तो मरतो. बाकीची कारणं त्यामागून येतात.

बोला.

जेलरोडकर | सोपं आहे

मार्केटिंग नव्हतं. विषय संपला. :)

अवांतर: स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पण नव्हता. मित्राला नाव सांगितलं, त्यानं स्टीमवर शोधलं, सापडला नाही, तो परत आपल्या सीएसमध्ये (काउंटर स्ट्राइक) गेला. युबिसॉफ्टचा वेगळा लाँचर (गेम उघडायचं ॲप) टाका, वेगळं खातं काढा, एवढा उद्योग कोण करतो?

पाथर्डीफाटा | @जेलरोडकर

स्टीमचा मुद्दा मान्य. मार्केटिंगचाही अर्धा मान्य. रुबिननं स्वतःच नंतर लिहिलं की जाहिरात जवळपास नव्हतीच आणि इंजिनही या कामासाठी बनलेलं नव्हतं. पण जाहिरातीनं माणूस दारापर्यंत येतो. आमचे सगळे आत आले होते की भो. आत येऊन गेले. त्याचं काय?

काउंटरमागचा | कॅफेतून दिसतं ते

कॉलेज रोडला माझा छोटा गेमिंग कॅफे आहे. नेमका कुठे ते विचारू नका, जाहिरात केली म्हणून संपादक हाकलतील.

पोरं टोळीनं येतात, बहुतेक पाच जण. समजा चौघांना नवा गेम बघायचाय. पाचवा म्हणतो, "मला नाही येत तो, तुम्ही खेळा, मी बसतो." झालं! पाचही जण जुन्या गेमला. टोळीनं काय खेळायचं हे तिच्यातला सगळ्यात कमी उत्साही पोरगा ठरवतो. कंपन्या एकेका खेळाडूला पटवायला बघतात, पण शूटर खेळायला एकटा पोरगा माझ्याकडे क्वचित येतो.

आता धरा, पाचही तयार झाले. नवा गेम म्हणजे नवं खातं. खात्याला ईमेल, ईमेलवर कोड. एकाचा फोन घरी चार्जिंगला. दुसऱ्याला पासवर्ड आठवत नाही, तो बहिणीला फोन लावतो. तिसऱ्याची जन्मतारीख गेमला पटत नाही. कोड आला की ट्युटोरियल. ते वगळायची सोय नाही. ट्युटोरियल संपलं की पडद्यावर 'शेडर तयार होत आहेत' (म्हणजे चित्रांची तयारी) आणि मुंगीच्या पावलानं सरकणारी पट्टी. इकडे तासाचा मीटर चालू. मग एक जण काउंटरवर येतो, "काका, वीस मिनिटं वाढवून द्या ना, अजून एक गोळी नाही मारली." वाढवून देतो मी, पण त्याचा मूड गेलेला असतो.

दुसरी बाजू माझी. आमच्या पीसींमध्ये डिस्क नसते, सगळे गेम एका सर्व्हरवरून चालतात. काही गेमचं अँटीचीट, म्हणजे लबाडी पकडणारा प्रोग्राम, विंडोजच्या पार मुळाशी बसतं, त्याला पीसीतल्या सिक्युअर बूट, टीपीएम अशा सुरक्षेच्या सोयी चालू पाहिजेत, आणि प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर कुठला तरी पीसी रुसतो. रोज चालणाऱ्या गेमसाठी मी रात्री शटर ओढून हे निस्तरतो. कधीमधी कुणी विचारणाऱ्या गेमसाठी नाही निस्तरत. आणि मी ठेवला नाही की कुणी विचारतही नाही, हे मलाही कळतं.

पाथर्डीफाटा | अगदी

कमी उत्साही पोरगा! आमच्या ग्रुपात तो कोण हे मला माहीत आहे आणि तो हा धागा वाचतोय.

सातपूर_शिफ्ट | रांगेचं गणित

जरा आकडेमोड करतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

खेळाडूंची एकूण संख्या बघून काही कळत नाही. या मिनिटाला रांगेत किती आहेत ते बघायचं. आपल्या भागात आत्ता ६६० जण ऑनलाइन आहेत असं धरा. सामना १० मिनिटांचा आणि थांबायला १ मिनिट चालेल. म्हणजे ११ मिनिटांतलं १ मिनिट माणूस रांगेत असतो. ६६० भागिले ११, कुठल्याही क्षणी रांगेत ६०. एक्सडिफायंटमध्ये सुरुवातीला पाच प्रकारचे सामने होते. पाचांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला १२. सहा विरुद्ध सहाला लागतात १२.

म्हणजे ६६० माणसं असूनही प्रत्येक प्रकारात बरोबर एक सामना भरतो. त्यात कोण कच्चा, कोण पक्का हे बघायला जागाच नाही. जो आहे त्याला आत ढकला. संख्या निम्मी झाली तर? एक तर दोन मिनिटं थांबा, नाहीतर लांबच्या सर्व्हरवर जा.

आता यातून पहिला कोण जातो? पक्का खेळाडू जात नाही, त्याची मजा चालू आहे. कच्चा जातो. उरलेल्यांची सरासरी आणखी वर चढते. उद्या येणारा नवा माणूस कालच्यापेक्षा कठीण गर्दीत पडतो. धागाकर्त्यांचा पहिला तास दर आठवड्याला जास्त वाईट होत जातो, तो असा. गेममध्ये एक ओळही बदललेली नसते.

अंबडलिंक | असहमत

सातपूरकरांचं गणित बरोबर, पण एक्सडिफायंटची जाहिरातच ती होती ना! साध्या सामन्यांत कौशल्य बघून जोड्या लावणार नाही, एसबीएमएम नाही. आम्ही त्यासाठीच गेलो होतो. कॉल ऑफ ड्यूटीत एक सामना चांगला गेला की पुढचे तीन घाम काढतात. जरा निवांत खेळू द्या की! पूर्वी लॉबीत कोणीही भेटायचं, कधी आपण धुवायचो, कधी धुतले जायचो. तीच मजा होती.

सातपूर_शिफ्ट | @अंबडलिंक

तुम्ही निवांत खेळता तेव्हा समोर कोण असतं? ज्याला तुम्ही धुता, त्याला विचारा निवांत वाटतं का ते.

कॉल ऑफ ड्यूटीची कंपनी ॲक्टिव्हिजननं २०२४ मध्ये त्या गेमच्या या व्यवस्थेवर अहवाल काढला होता. काही खेळाडूंपुरता कौशल्याचा निकष सैल करून पाहिला. वरचे दहा टक्के सोडले तर बाकी सगळ्या थरांत परत येणाऱ्यांचं प्रमाण घटलं. कंपनीचा स्वतःचा अहवाल आहे, मीठ लावून वाचा. पण ओरडा करणारे, व्हिडिओ बनवणारे, धागे काढणारे बहुतेक त्या वरच्या दहातलेच असतात. खालचे नव्वद काही बोलत नाहीत. निघून जातात.

एक्सडिफायंटवाल्यांनाही हे माहीत होतं. नवख्यांसाठी २५ व्या पातळीपर्यंत वेगळी रांग ठेवली होती, तिथे कौशल्य बघत होते. पण २५ झालं की एकदम खोल पाण्यात. आणि गर्दी आटली की दोन वेगळ्या रांगा भरायला माणसं आणायची कुठून?

अंबडलिंक

बरं, मीठ लावून वाचला. तरी मला माझं जुनं कॉल ऑफ ड्यूटी हवंय.

गोदाकाठची | पहिल्या तासाचा आँखो देखा हाल

मावसबहीण सुट्टीत इंदिरानगरला आमच्याकडे आली होती. कधी शूटर खेळलेली नाही. बारावी सायन्स, हुशार, हात झरझर चालतो. माझ्या पीसीवर बसवलं. कुठला गेम ते सांगत नाही, कारण सगळीकडे हेच आहे.

ती दारातून बाहेर आली आणि मेली. कुठून गोळी आली कळलं नाही. परत जिवंत, चार पावलं, मेली. मारणारा हवेत उड्या मारत वळत होता. तिनं विचारलं, "हा उडतोय कसा?" मी सांगायला लागले तोवर परत मेली. पडद्यावर सोळा प्रकारचे आकडे, लाल बाण, कुणाचं तरी नाव, बक्षिसाचा डबा. आपण नेमकं काय चुकलो, हे मात्र कुठेही लिहिलेलं नाही. सामना संपल्यावर यादीत ती तळाशी, आणि तिच्याच संघातल्या कुणीतरी लिहिलं, 'अनइन्स्टॉल कर'.

पुढच्या सामन्यात तिनं माइक चालू केला. "मी नवीन आहे, कुठे जायचं?" एवढंच विचारलं. मुलीचा आवाज ऐकून दोघं गाणी म्हणायला लागले, एकानं विचारलं भाकरी थापून झाल्या का. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "तायडे, तू हे रोज ऐकतेस?"

मी ऐकत नाही. मी माइक बंदच ठेवते. म्हणजे ज्या खेळात बोलल्याशिवाय जिंकता येत नाही, त्यात मी मुकी राहून खेळते. खेळाडू कमी पडतात म्हणून कंपन्या रडतात आणि निम्म्या लोकांना दारातच हा पाहुणचार मिळतो. याला मार्केटिंग काय करणार? तक्रारीचं बटण आहे, हो. दाबलं की 'धन्यवाद' येतं.

जेलरोडकर | @गोदाकाठची

वाचून वाईट वाटलं. स्मायली काढून घेतो.

नाशिकरोड_लोकल | मोबाइलवाले शहाणे निघाले

तुम्ही सगळे पीसीवाले. आमच्याकडे देवळाली कॅम्पपासून जेलरोडपर्यंत ज्याला विचाराल तो फोनवर. ग्राफिक्स कार्डाच्या पैशात घरातल्या दोघांना फोन येतात.

आणि पहिला तास म्हणाल तर तो पब्जी मोबाइलवाल्यांनी कधीच सोडवला. सुरुवातीच्या सामन्यांत निम्मे-अर्धे बॉट, म्हणजे यंत्र चालवतं ते खेळाडू. समोर उभा राहून तिरक्या गोळ्या झाडतात, आपण आरामात टिपायचे. माझ्या आत्याच्या पोराला पहिल्याच दिवशी चिकन डिनर (सामना जिंकल्याची पावती) मिळालं, गल्लीभर सांगत फिरला. बॉट मारलेत हे त्याला वर्षभरानं कळलं, तोवर पक्का खेळाडू झाला होता.

दुसरी गंमत. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ ला त्याची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आली. जुलै २०२२ मध्ये तीही स्टोअरवरून उडाली, मे २०२३ ला परतली. एवढी उलथापालथ झाली तरी पोरं परत आली! मधल्या काळात चांगले गेम नव्हते असं नाही. एपेक्स लेजेंड्सची मोबाइल आवृत्ती मे २०२२ ला आली आणि १ मे २०२३ ला बंद. म्हणजे बीजीएमआय दुकानात नसतानाही तिला जम बसवता आला नाही. कारण? सगळ्यांची फ्रेंडलिस्ट, स्किन (विकत घेतलेले पोशाख), व्हॉट्सॲप ग्रुपची नावं, सगळं तिकडचं. ज्यांच्या फोनात बीजीएमआय आधीपासून होता ते खेळतच राहिले, बाकीचे वाट बघत बसले.

पाथर्डीफाटा | @नाशिकरोड_लोकल

बॉटचा मुद्दा भारी. पण माणूस समजून बॉट मारायला लावणं ही फसवणूक नाही का? सरळ सांगावं, पहिले दहा सामने यंत्राशी.

नाशिकरोड_लोकल

सरळ सांगितलं असतं तर गल्लीभर फिरला असता का तो?

राउटरला_यूपीएस | पिंग

लोकहो, सर्व्हर कुठे आहे ते बघितल्याशिवाय ही चर्चा अपुरी आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नाशिकहून मुंबई पावणेदोनशे किलोमीटर, जाऊन येऊन दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. मधल्या यंत्रांचा वेळ धरून दहा-पंधरा पिंग (जाऊन येण्याचा वेळ, मिलिसेकंदांत) दिसतो. सिंगापूर चार हजार किलोमीटर. तिथे नुसत्या अंतराचेच ४० लागतात, प्रत्यक्षात ७०-८० च्या पुढेच.

व्हॅलोरंट आणि सीएसला मुंबईत सर्व्हर आहेत, म्हणून ते आपल्याकडे 'चांगले लागतात'. नव्या गेमची इथली गर्दी आटली की जुळणी करणारी यंत्रणा तुम्हाला सिंगापूरला नेऊन टाकते. मग तुम्ही भिंतीआड गेल्यावरही मरता, कारण समोरच्याच्या पडद्यावर तुम्ही अजून बाहेरच असता. एक्सडिफायंटबद्दल ही ओरड तर जगभर होती, चांगलं नेट असणाऱ्यांचीसुद्धा. म्हणजे सातपूरकरांच्या चक्रात हेही घाला: माणसं कमी, म्हणून सर्व्हर लांब, म्हणून खेळ वाईट, म्हणून माणसं आणखी कमी.

अवांतर: सध्या रस्त्यांची खोदाई जोरात आहे. जेसीबीचा दात फायबरला लागला की आमची अख्खी कॉलनी ऑफलाइन. मग गेम मला पळपुटा ठरवून अर्धा तास बाहेर बसवतो. जेसीबीवाल्याला नाही बसवत.

दोनपोरांचाबाप | वेळ कुणाकडे आहे?

पोरं झोपल्यावर दहा ते अकरा, एवढीच माझी कमाई. या एका तासात गेम मला काय सांगतो? आजची तीन कामं, आठवड्याची दहा कामं, सीझन पास (कामं करून बक्षिसं मिळवायची मुदतीची योजना) संपायला इतके दिवस. ऑफिसात एक साहेब आहे तो पुरे झाला.

एक्सडिफायंटमध्ये बंदुकीला जोडणी (दुर्बीण वगैरे) लावायची तर तीच बंदूक वापरत घासत बसायचं. पातळी इतकी हळू चढायची की पहिले कित्येक सामने मी उघड्या बंदुकीनं, समोरचा सगळा साज चढवून. एक तर मी हळू, वर माझी बंदूकही अधू.

आणि या सीझन पासमुळे माणूस दोन गेम खेळूच शकत नाही. एकाची कामं पुरी करतानाच फेस येतो. नव्या गेमला माझा वेळ कुणाकडून तरी हिसकावून घ्यावा लागतो, आणि ज्यात मी पैसे घातलेत त्याला मी सोडत नाही.

मेरी_म्हसरूळ | मेलेल्यांची यादी वाचा

काँकॉर्ड. २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद, सगळ्यांना पैसे परत. किंमत ४० डॉलर, आणि समोरच्या दुकानात व्हॅलोरंट, ओव्हरवॉच २, एपेक्स सगळे फुकट. स्टीमवर एका वेळी सातशेही जण जमले नाहीत. म्हणजे सातपूरकरांचं गणित जगभरासाठी लावा आता! पैसे मागितल्यामुळे टोळीतला तो पाचवा पोरगा पहिल्याच पायरीवर अडला.

टायटनफॉल २. माझ्या मते या प्रकारातला सर्वांत सुंदर गेम. २८ ऑक्टोबर २०१६ ला आला. आठवडाभर आधी २१ तारखेला बॅटलफिल्ड १ आणि आठवडाभरानं ४ नोव्हेंबरला कॉल ऑफ ड्यूटी. बॅटलफिल्डही त्याच ईए कंपनीचा! घरच्यांनीच दोन ट्रकच्या मध्ये सायकल उभी केली. त्याच स्टुडिओनं फेब्रुवारी २०१९ मध्ये एपेक्स कसलाही गाजावाजा न करता अचानक फुकट सोडला, आणि पहिल्या आठवड्यात अडीच कोटी लोक आले. @जेलरोडकर, मार्केटिंग.

पण धागाकर्त्यांच्या मताला छेद देणारं उदाहरण म्हणजे रेनबो सिक्स सीज. डिसेंबर २०१५ ला अडखळत आला. नवख्याला तर तो आजही फाडून खातो. तरी टिकला, वाढला. २०१७ मध्ये त्यांनी नवा मालमसाला पुढे ढकलून तो वेळ नुसता सर्व्हर आणि बग दुरुस्तीला दिला. तोही युबिसॉफ्टचाच गेम. तिथे धीर धरला, इथे सहा महिन्यांत हात वर केले. म्हणून मी म्हणते, पहिला तास एवढं सगळं ठरवत नाही. मालकाला किती दम आहे, तेही ठरवतं.

पाथर्डीफाटा | @मेरी_म्हसरूळ

सीजचं उदाहरण डाचतंय खरं. पण सीजमध्ये मेल्यावर मारणाऱ्याच्या नजरेनं सगळं परत बघता येतं, आणि फेरी संपेपर्यंत बसून इतरांचं बघावं लागतं. मरण्यातून काहीतरी हाती लागतं. गोदाकाठच्या ताईंच्या बहिणीला काय लागलं? दमाचं मात्र मान्य. २०१५ साली फुकटचे एवढे गेम दारात उभे नव्हते, त्यामुळे दम धरणं स्वस्त होतं.

मेरी_म्हसरूळ

हे पटलं. अर्धं.

गोदाकाठची

मावसबहिणीनं विचारलंय की ज्यात मारणारा दिसतो तो गेम कुठला. सांगू का नको?

गंगापूररोड_रिटायर्ड | रिकामं दुकान

मी खेळत नाही, नातू खेळतो, म्हणून वाचत बसलो. रविवारी सकाळी एका मिसळीच्या दुकानापुढे वीस माणसं नंबर लावून उभी असतात आणि शेजारचं रिकामं असतं. रिकाम्यात कुणी शिरत नाही, मिसळ तीच असली तरी. तुमच्या स्टीमवर किती माणसं आत आहेत ते उघड दिसतं म्हणे. मग नव्या दुकानात शिरणार कोण?

सातपूर_शिफ्ट | @गंगापूररोड_रिटायर्ड

बाबा, बरोबर पकडलंत. आकडा घसरला की त्या दिवशी 'गेम मेला' असे व्हिडिओ निघतात, आणि ते बघून जे येणार होते तेही येत नाहीत. त्यात ज्या गेमचा आकडा उघड दिसत नाही, त्याबद्दल लोक त्याहून वाईट धरून चालतात.

जुनी_एलएएन | मेल्यावरही जगणारे

काउंटर स्ट्राइक १.६ अजून चालतो. कंपनीनं विचारलंही नसेल, तरी चालतो. कारण सर्व्हर कुणालाही स्वतःच्या पीसीवर टाकता येतो. अशोकस्तंभाजवळच्या कॅफेत आम्ही त्यातला डस्ट २ नकाशा खेळायचो, तेव्हा नेट नसलं तरी फरक पडायचा नाही. नवखा आला की शेजारच्या खुर्चीवरून त्याला सांगायचो, "अरे, पळताना झाडू नकोस, थांबून झाड." जोडी लावणारी यंत्रणा म्हणजे कॅफेवाला. "हे पोरगं कच्चं आहे, तू त्याच्या बाजूनं जा."

आता सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. त्यांनी बटण दाबलं की एक्सडिफायंट तुमच्या डिस्कवर पडून आहे आणि उघडतही नाही. द क्रू या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, त्यावरून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये दहा लाखांवर सह्या झाल्या. बंद करा, पण सर्व्हरची फाइल देऊन किंवा कसाही, गेम खेळता येईल असा ठेवून जा, एवढीच मागणी. छोट्या गर्दीवरही गेम जगतो, गर्दी कुठे जमते ते ठरलेलं असलं की.

अंबडलिंक

सर्व्हरची फाइल दिली तर पुढचा गेम कोण घेणार? कंपनी स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेईल?

जुनी_एलएएन | @अंबडलिंक

१.६ ची फाइल दिलेली असूनही सीएस २ आज तुफान चालतो. धोंडा दिसत नाही कुठे.

काउंटरमागचा | १.६ बद्दल

माझ्या सर्व्हरवर १.६ पडून आहे, जागाही खात नाही. मंगळवारी दुपारी कॅफे ओस असतो. दहा जण जमत असतील तर नेहमीच्या निम्म्या दरात लावून देतो. खातं नको, कोड नको. संघ मी पाडणार, तक्रार ऐकणार नाही. गोदाकाठच्या ताई, बहिणीला आणा. माइकवरची भाकरी माझ्याकडे चालत नाही, बोलणारा समोरच बसलेला असतो. माउस ज्याचा त्यानं आणावा, माझ्याकडच्यांची चाकं गेलीत.

जेलरोडकर | @काउंटरमागचा

मी एक. जागा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.